जोडदिस

हे मी लिहिणारच नव्हते. टाईप करायला घ्यायचे, रंगुमावशीचा चेहरा समोर यायचा आणि सगळं पुसून टाकायचे. वाटायचं, तिच्या घरातलं दुःख चारचौघांत मांडणारी मी कोण? पण परवा गल्लीत गाडी लावताना मावशीच म्हणाली, "लिव्ह गं पोरी. मला लिवता येत न्हाई म्हनून तरी तू लिव्ह. कुनाच्या तरी कामाला येईल." म्हणून लिहितेय. एका दमात लिहितेय, नाहीतर परत पुसून टाकीन.

सांगलीच्या बाजारात भांड्यांची एक गल्ली आहे. एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला भिंत, त्यामुळं आत आलेल्या गाडीला त्याच तोंडानं बाहेर पडावं लागतं. दोन्ही बाजूंना पितळेची, स्टीलची दुकानं, वरच्या मजल्यावर माणसं राहतात. गल्ली एवढी अरुंद की गाड्या एकाच बाजूला लावायच्या, नाहीतर मधून रिक्षासुद्धा जाणार नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाला पाटी आहे. विषम तारखेला गाड्या नळाच्या बाजूला, सम तारखेला मारुतीच्या बाजूला. नळ म्हणजे सार्वजनिक नळ आणि मारुती म्हणजे भिंतीतला छोटा मारुती, शेंदूर फासलेला.

पाटी कुणी वाचत नाही. पाटी म्हणजे रंगुबाई.

रंगुबाई जत तालुक्यातली. माहेर मेंढ्यांचं, सासर मेंढ्यांचं. नवऱ्याचे, अर्जुनाचे, गुडघे गेले तेव्हा कळप विकला आणि दोघं सांगलीला आली. दुकानदारांनी मिळून तिला गल्ली सांभाळायला ठेवलं. निळं जॅकेट दिलं, शिट्टी दिली. शिट्टी तिनं कधी वाजवली नाही. ती जिभेनंच असा काही आवाज काढायची, हुर्र्र, हुर्र्र, की रिव्हर्स घेणारा कारवाला दचकून ब्रेक मारायचा.

"मावशी, मी काय मेंढरू आहे का?"

"मेंढरू असतास तर एका हाकेत वळला असतास. तू चारदा मागं-पुढं करतुयास."

आम्हा कॉलेजवाल्यांवर तिचा खास डोळा. विश्रामबागवरून आम्ही स्कूटी घेऊन यायचो आणि सवयीनं हँडल लॉक करायचो. ती लगेच ओरडायची, "ए हिरॉईन! हँडल मोकळं ठेव! तुजी गाडी न्यायाला कोन विमान घिऊन येनार हाय?" हँडल मोकळं पाहिजे कारण गाड्या तिला हलवायच्या असायच्या. वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या गाड्या रात्री तिथंच असतात. सकाळी दुकानं उघडायच्या आधी ती येणार, मागचं चाक उचलून एकेक गाडी या बाजूची त्या बाजूला नेणार. आज इकडं, उद्या तिकडं. तिला गाडी चालवता येत नाही, पण गल्लीतली प्रत्येक गाडी तिच्या हातून गेलेली आहे.

यात एक गोम होती. एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. म्हणजे लागोपाठ दोन दिवस गाड्या नळाच्याच बाजूला. रंगुबाईनं या दिवसाला नाव ठेवलं होतं, जोडदिस. माणसांना रोज बाजू बदलायची सवय लागलेली, त्या दिवशी हमखास गोंधळ व्हायचा. म्हणून एकतीसच्या संध्याकाळी ती गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "उद्या जोडदिस हाय! उद्याबी नळाकडंच! कुनी गाडी हलवायची न्हाई!" वरच्या खिडक्यांतून लोक हसून "बरं मावशी" म्हणायचे. दरवेळी ओरडायची. तिच्या लेखी हे झाडून घेण्याइतकं साधं काम होतं.

गल्लीच्या अगदी आत, भिंतीला लागून, भाऊसोंचं दुकान. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक शटर, त्यापुढं एक फळी, एक खुर्ची आणि उघडी पडलेली मशिनं. दुपारी त्यांच्या बायकोनं, लीलाबाईनं, डबा आणायचा आणि मग दोघांनी मिळून खायचा. आणि तिसरा जेवायला अर्जुना.

अर्जुनाला सांगलीत काही काम नव्हतं. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे दुखणारे, जन्मभर माळावर हिंडलेला, त्याला खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. मग तो रंगुबाईबरोबर गल्लीत यायचा आणि भाऊसोंच्या फळीवर बसायचा.

"या मेंढकं," भाऊसो म्हणायचे. "आज किती गाड्या चारल्या?"

"बायकू चारतीया. मी फकस्त राखन बसलोय."

"कुत्र्याचं काम म्हणा की."

"व्हय, पन भाकरी मिळती का बगा. लीलावैनी, आज काय हाय डब्यात?"

लीलाबाई डबा उघडता उघडता म्हणायची, "भावजी, तुमचं नाक मेंढरापेक्षा तेज हाय." आणि अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवायची. हे रोजचं. गल्लीला याची इतकी सवय झालेली की अर्जुना एखाद्या दिवशी आला नाही तर भाऊसो रंगुबाईला विचारायचे, "आज आमचा पाहुणा रुसला का काय?"

दिवाळी तोंडावर आली होती. ऑक्टोबरची एकतीस तारीख. दुपारी जतवरून फोन आला, पल्लवीला, म्हणजे रंगुबाईच्या लेकीला, दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्यात. पहिलं बाळंतपण. रंगुबाईनं जॅकेट काढलं ते फळीवर बसलेल्या अर्जुनाच्या अंगावरच टाकलं.

"आवं, मी निगाले. उद्या गल्ली तुमी बगायची."

"मी?"

"मंग काय भाऊसो बगनार? सोपं हाय. सकाळी लवकर यायचं. काल ज्या बाजूला हुत्या त्या बाजूच्या उचलायच्या आनि दुसऱ्या बाजूला न्यायच्या. बास."

भाऊसो हसले. "जा रंगू तू निवांत. हाय मी. कमांडरकडनं काम करून घेतो."

ती पळतच स्टँडवर गेली. त्या संध्याकाळी गल्लीच्या मधोमध उभं राहून कुणी ओरडलं नाही.

सरकारी दवाखान्यात रात्री पल्लवी मोकळी झाली. मुलगी झाली. सकाळी रंगुबाई लेकीला चहात बुडवून बटर भरवत होती. एक नर्स आली, भिंतीवरच्या फळ्यावर कालची तारीख पुसली आणि आजची लिहिली. रंगुबाईला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. तारखांवरच तिचं पोट होतं. फळ्यावर एक होता.

तिच्या हातातला बटर तसाच राहिला.

"आई, काय झालं?"

"जोडदिस," ती म्हणाली. "आज जोडदिस हाय. त्यास्नी सांगितलंच न्हाई."

अर्जुनाकडं फोन नव्हता. तिनं गल्लीतल्या उदयसिंहदादांना फोन लावला. मोठं भांड्यांचं दुकान त्यांचं, गल्लीचं सगळं तेच बघतात. फोन वाजत राहिला. दिवाळीची गर्दी, कोण उचलतंय. परत लावला, परत. पल्लवी म्हणाली, "अगं, गाड्या चुकीच्या बाजूला लागल्या तर लागल्या. शिव्या खाईल दादा. एवढं काय?" मेंढपाळांच्या घरात पोरं बापाला दादाच म्हणतात. रंगुबाईलाही ते पटलं. शिव्या खाईल. जास्तीत जास्त पोलीस गाड्या उचलतील. ती परत बटर भरवायला लागली, पण डोळा सारखा फळ्याकडं.

इकडं अर्जुना उजाडता उजाडता गल्लीत आला होता. निळं जॅकेट घातलेलं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, म्हातारा त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्यावर काहीतरी सोपवलं होतं. काल गाड्या नळाकडं होत्या. त्यानं एकेक उचलली आणि मारुतीकडं नेऊन लावली. गुडघ्यांचं दुखणं विसरून, वाघरीच्या जाळीत मेंढरं कोंडावीत तशी ओळ केली त्यानं. हँडल मोकळीच होती, मावशीनं लोकांना लावलेली सवय. मग मारुतीला नमस्कार केला आणि तंबाखू मळत उभा राहिला.

गिऱ्हाइकं यायला लागली. काहींनी ओळ बघून मारुतीकडं लावली. काहींनी मोबाईलवर तारीख बघून नळाकडं लावली. अर्जुना त्यांना म्हणत होता, "आवं, हिकडं, हिकडं!" आणि ते म्हणत होते, "आजोबा, आज एक तारीख आहे." त्याला काही कळेना. त्यानं तर सांगितलं तसंच केलं होतं. बघता बघता दोन्ही बाजू भरत आल्या. तेवढ्यात उदयसिंहदादांच्या दुकानाचा माल घेऊन टेम्पो आत शिरला आणि मधोमध अडकला. मागं रिक्षा, मागं आणखी गाड्या.

उदयसिंहदादा बाहेर आले. "अर्जुना! अरे, काय केलंस हे? आज जोडदिस आहे!"

"मंजी?"

"मंजी तुझं डोकं! काढ त्या मारुतीकडच्या!"

तो काढायला लागला. पण काढून ठेवणार कुठं? आणि गिऱ्हाइकांनी आपापल्या गाड्यांची हँडल लॉक केलेली. भाऊसो आपल्या खुर्चीतून ओरडले, "ओ कमांडर, आधी तोंडाकडच्या काढा, आतल्या ऱ्हाऊ द्या!" आणि हसले. अर्जुनाला ते हसणं अजून ऐकू येतं, असं तो नंतर म्हणायचा.

थोड्याच वेळात लीलाबाईची किंकाळी आली. त्या दिवशी फराळाचं द्यायचं म्हणून ती लवकर आली होती. भाऊसो खुर्चीत तिरके झाले होते, कपाळावर घाम, हात छातीवर. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडलेला.

रिक्षा आत येईना. टेम्पो मागं जाईना. अर्जुना वेड्यासारखा गाड्या उचलून फेकायला लागला. लॉक असलेल्या गाड्या आडव्या पाडल्या, पायाचं नख उचकटलं, चप्पल रक्तानं भरली, त्याला पत्ता नाही. शेवटी चार जणांनी भाऊसोंना त्यांच्याच फळीवर झोपवलं आणि गाड्यांवरून, माणसांच्या हातांवरून, पुढं पुढं देत रस्त्यापर्यंत नेलं. गल्लीतून बाहेर पडायला किती वेळ लागला ते कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकजण वेगळं सांगतो. पण वेळ लागला.

भाऊसो गेले.

दवाखान्याच्या दारात माणसं जमली होती. त्यात उदयसिंहदादा म्हणाले, "जरा आधी पोचलो असतो तर..." वाईट हेतूनं नाही म्हणाले. आपण सगळेच असं म्हणतो. पण अर्जुना मागंच उभा होता, निळं जॅकेट घालून.

रंगुबाई दुसऱ्या दिवशी आली ती सरळ खोलीवर. अर्जुना भिंतीकडं तोंड करून बसला होता. तिनं त्याच्या पायाचं नख बघितलं, हळद लावली.

"माजी चूक हाय," ती म्हणाली. "मी सांगितलंच न्हाई तुमास्नी."

"गाड्या म्या उचलल्या," तो म्हणाला.

"पन मी..."

"रंगे. गाड्या म्या उचलल्या."

नातीचं तोंड कसं आहे ते सांगायला ती आली होती. ते तसंच राहिलं.

गल्लीनं रंगुबाईला काढलं नाही. उदयसिंहदादा एवढंच म्हणाले, "तू ये कामाला मावशी. फक्त म्हाताऱ्याला आणू नको बघ. लीलाकाकी कधी आल्या आणि बघितलं तर बरं नाही दिसणार." ती बरं म्हणाली. काय म्हणणार?

भाऊसोंच्या दहाव्याला अर्जुना विश्रामबागला त्यांच्या घरी गेला. एकटाच, विचारत विचारत. घराच्या फाटकाशी उभा राहिला. आत माणसं होती, चपला पडल्या होत्या. भाऊसोंचा मुलगा, वीरधवल, बाहेर आला.

"आता कशाला आलाय तुम्ही?"

"वैनीस्नी एकडाव..."

"आई कुणाला भेटत नाही."

अर्जुना तरी उभा राहिला. ऊन चढलं, माणसं आली, जेवली, गेली. कुणी त्याला आत ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. आतल्या खिडकीचा पडदा एकदा हलला. मग तो परत आला.

त्यानंतर तो रोज सकाळी विचारायला लागला, "आज कंची तारीख?" रंगुबाई सांगायची. तो बोटांवर मोजून म्हणायचा, "मंजी नळाकडं." किंवा "मंजी मारुतीकडं." बरोबर असायचं. दर दिवशी बरोबर. ती गप कामाला जायची आणि गल्लीत दोनदा-तीनदा डोळे पुसायची. भाकरी त्याच्या पुढ्यात तशीच वाळायची. म्हणायचा, अर्धीच पुरे. ती अर्धीसुद्धा सोडायचा.

दिवाळीनंतर जतकडचे कळप चाऱ्यासाठी रानं धरायला निघतात. अर्जुनाचा चुलतभाऊ गुंडा याचाही कळप निघाला, साताऱ्याकडं. अर्जुनानं घोंगडं झटकलं, काठी घेतली.

रंगुबाई आडवी आली. "आवं, ह्या गुडघ्यांवर? डोस्कं फिरलंय का?"

"मेंढरं तारीख इचारत न्हाईत," तो म्हणाला.

तिनं वाट सोडली. आजही म्हणते, "सोडायची नव्हती गं. पाय धरायला पायजे हुतं." पण सोडली.

संक्रांत होऊन गेल्यावर लीलाबाई गल्लीत आली. दुकान रिकामं करायला. वीरधवलनं टेम्पो तोंडाशीच उभा केला होता, तो स्वतः आत आला नाही. लीलाबाई मशिनांवरची धूळ पदरानं पुसत होती. रंगुबाई लांबूनच बघत होती, मग तिला राहवलं नाही. जाऊन पायावर डोकं ठेवलं.

"वैनी, माज्या मानसाला माफ करा. मला मारा, पन त्यास्नी माफ करा. वाळून चाललाय वो त्यो."

लीलाबाई मागं सरकली. मग खुर्चीत बसली, त्याच खुर्चीत.

"रंगू, उठ. माफ करायला काय झालंच न्हाई."

"आं?"

"डाक्टरनं मला त्याच दिवशी सांगितलं. हितंच गेले हुते ते. ह्या खुर्चीत. जीव आधीच गेलेला. दवाखाना शेजारच्या दुकानात असता तरी काय उपेग नव्हता म्हनाला. गाड्या असत्या-नसत्या, सारखंच."

रंगुबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचं डोकं फिरलं.

"त्याच दिवशी? आनि तुमी आज सांगतासा? आवं, त्यो दारात उबा हुता तुमच्या! उनात! तुमी पडद्याआडनं बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"मंग?"

लीलाबाई रडत नव्हती. कोरड्या आवाजात बोलत होती, आणि मावशी म्हणते ते रडण्यापेक्षा वाईट होतं. "मला तवा कुनाचा तरी राग पायजे हुता रंगू. देवावर किती रागवनार? भावजी समोर हुते, म्हनून त्यांच्यावर राग धरला. खोटाय म्हाईत असून धरला. मग वाटलं, तेरावं झालं की जाऊन सांगू. मग म्हटलं, म्हैना घालू दे. मग सनवार आला. मग जायची लाज वाटाय लागली. जितकं लांबलं तितकी लाज वाढली."

रंगुबाईनं जॅकेट काढलं. "चला."

"कुटं?"

"जितं हाय तितं. तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगून त्यो ऐकायचा न्हाई."

आधी फोन करून बघितला तिनं. गुंडाकडं मोबाईल होता. गुंडा म्हणाला, वहिनी, ते फोन हातात धरत नाहीत, फोनवर कुणीबी कायबी सांगतंय म्हणतात. कळप शिरवळच्या अलीकडं, कंपन्यांच्या मागच्या रानात बसवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एसटीत बसल्या. वीरधवल आईला नको म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. कराड गेलं, सातारा आलं. साताऱ्याच्या स्टँडवर लीलाबाईनं डबा उघडला, भाकरी आणि खरडा. अर्धी मोडली, रंगुबाईपुढं धरली. रंगुबाईनं घेतली नाही. म्हणाली, "ती त्यास्नी द्या." वाईचा फाटा मागं पडला तेव्हा लीलाबाई एकदाच बोलली, "ऐकतील ना गं भावजी?" रंगुबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

रान म्हणजे काय, कंपनीची लांबलचक पत्र्याची भिंत, हायवेचा आवाज आणि काढून झालेल्या पिकाची धसकटं. वाघरीच्या जाळीत कोकरं होती. अर्जुना घोंगड्यावर बसला होता. रंगुबाईला तो आधी ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. त्यानं दोघींना बघितलं आणि पहिलं काय केलं तर उठून घोंगडं झटकलं आणि लीलाबाईला बसायला अंथरलं.

"बसा वैनी. च्या ठिवतो. शेरडाचं दूध हाय."

"भावजी, च्या नको. बसा. तुमास्नी एक सांगायचंय."

तो उकिडवा बसला. लीलाबाईनं सगळं सांगितलं. खुर्ची, डॉक्टर, जीव आधीच गेलेला. काही लपवलं नाही, राग धरला तेही सांगितलं, पडद्याचंही सांगितलं. अर्जुना काठीनं मातीत रेघा ओढत होता. ऐकत होता, अगदी नीट. सांगून झाल्यावर त्यानं मान वर केली, आणि मावशी म्हणते, त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिलाच क्षणभर वाटलं, सुटला बिचारा.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी लय चांगल्या. भाऊसो बी असंच हुतं. मला बरं वाटावं म्हनून येवड्या लांब आलासा, माज्यापायी खोटं बोलाय."

"खोटं न्हाई भावजी! शप्पत घेते. त्यांची शप्पत!"

"नगा. गेलेल्या मानसाची शप्पत घिऊ नगा माज्यासाटी."

"आवं, खरंच सांगत्यात त्या," रंगुबाई ओरडली. "डाक्टरला फोन लावू? लावू का?"

अर्जुना हसला, थोडंसं. "रंगे, तूच आनलंस न्हवं वैनीस्नी? मला वाटलंच." मग लीलाबाईकडं वळून शांतपणे म्हणाला, "खरं असतं तर तवाच सांगितलं असतं वैनी. मी दारात हुतो की. मी वळकत न्हाई का तुमास्नी? तुमच्या हातनं भाकरी खाल्ल्याली हाय म्या. खरं ठावं असताना तुमी मला उनात उबं करनारी बाई न्हाई."

काय बोलणार होती लीलाबाई? ती तशीच बाई होती, निदान त्या एका दिवशी तरी होती. आणि हा माणूस तिला तसं मानायला तयार नव्हता. स्वतःला दोषी धरायला तयार, तिला नाही.

तिनं डबा उघडला. अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती कपाळाला लावली, पण खाल्ली नाही, पटक्याच्या शेवाला बांधली. मग एक कोकरू जाळीतून बाहेर आलं, तो त्याच्या मागं गेला, लंगडत. परत आला नाही. गुंडा म्हणाला, "वहिनी, निघा तुमी, एसटी चुकंल. मी बघतो त्यांच्याकडं." आणि जाता जाता हळूच म्हणाला, "रात्री झोपेत तारखा म्हणतात."

परतीच्या एसटीत लीलाबाई रडली. तेव्हा रंगुबाईनं तिचा हात धरला. राग होता का? होता. अजून आहे. पण धरला.

लीलाबाई त्यानंतर वीरधवलला घेऊन परत एकदा गेली. डॉक्टरचंही फोनवर बोलणं करून दिलं. अर्जुना डॉक्टरला "व्हय सायेब, व्हय सायेब" म्हणाला आणि फोन परत दिला. वीरधवलकडं बघून म्हणाला, पोरगं पण चांगलं निघालं, बापासारखं. बस. त्याच्या मनात जे घट्ट बसलं होतं ते कुणाच्यानं हललं नाही. दहाव्याच्या दिवशी हेच शब्द फाटकात मिळाले असते तर त्यानं दोन्ही हातांनी घेतले असते. तेव्हा ते खरे वाटले असते. आता त्यांची फक्त दया झालीय.

परवा एकतीस तारीख होती. मी गाडी काढायला गेले तर रंगुमावशी गल्लीच्या मधोमध उभी. निळं जॅकेट, गळ्यात न वाजणारी शिट्टी. "उद्या जोडदिस हाय! उद्याबी नळाकडंच!" वरच्या खिडक्यांतून आता कुणी हसत नाही. सगळे नुसते मान हलवतात. भिंतीजवळ भाऊसोंच्या दुकानाचं शटर बंद, आणि त्यापुढची फळी तिनं काढू दिलेली नाही. ओरडून झाल्यावर ती त्या फळीवर टेकली, मी पण टेकले, आणि तिनं हे सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. मेंढरं पावसाच्या आधी माघारी फिरतात म्हणाली. तेवढीच आशा. पण त्याचे गुडघे, आणि त्याचं न खाणं... ते वाक्य तिनं पुरं केलं नाही, मीही करत नाही.

मला शेवट बिवट काही सुचत नाहीय. एवढंच सांगते. तुमच्याकडंही कुणालातरी सांगायचं काहीतरी राहिलं असेल. तुझी चूक नव्हती, एवढंसंच असेल. तुम्हाला वाटत असेल हा महिना जाऊ दे, परीक्षा होऊ दे, राग निवू दे, मग निवांत जाऊ. नका ना असं करू. तो माणूस तुमच्या दारात उभा असेल तर पडदा सोडा आणि बाहेर या. दारात नसेल तर गाडी काढा. फोन नका करू, फोनवर कुणीबी कायबी सांगतंय. जा आणि भेटून या. लवकर जा, तो तुमच्यावर विश्वास ठेवतोय तोवर जा.